उतारावरची शेड

पेलाहू, शनिवार दुपार

प्रिय दादा,

तुझं नाव लिहून सुरुवात करायची होती. बहिणीने भावाचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, पण कागदावर लिहू नये असं कुणी सांगून ठेवलेलं नाही, कारण आपल्या आज्यांना लिहिताच येत नव्हतं. पण हात वळला नाही. तेहतीस वर्षांत तुझं नाव माझ्या तोंडून निघालेलं नाही आणि आता बोटंही तोंडाचीच बाजू घेतात. म्हणून दादाच म्हणते. हे पत्र म्यूरियल तुझ्या हातात देईल. ती तेलाच्या बाटल्या आणायला होनियाराला येते आहे. तुझं वाचून होईपर्यंत ती तुझ्या दारात बसून राहील, तसं मी तिच्याकडून कबूल करून घेतलंय. तिला हाकलू नकोस, ती हलणार नाही, उलट सुपारी खाऊन तुझी पायरी रंगवून ठेवील. पत्रात काय आहे ते तिला ठाऊक नाही. ती आपल्या कुळातली नाही आणि तिने विचारलंही नाही.

पुढच्या गुरुवारी जमिनीची सभा आहे. तू लाल माती खणून नेणाऱ्या कंपनीच्या लोकांबरोबर बोटीने येणार आणि कुळाच्या वतीने तूच उभा राहणार, हे इथे सगळ्यांना कळलंय. जमीन आईकडून मुलीकडे जाते, पण तिच्याबद्दल चारचौघांत बोलायचं ते भावाने. हे आपल्या लोकांनी काय विचार करून ठरवलं कोण जाणे. हडसनमामा रोज संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर बसून सांगतो, "येऊ द्या त्याला. आपल्यात डोकं असलेला तेवढा एकच आहे." पुरुष माना डोलावतात. मी पाणी घेऊन तिथून जाते. त्या सभेची मला भीती वाटते. लाल मातीची नाही, तुझीही नाही, त्या सभेची.

आधी इथलं सांगते. या वर्षी नगालीच्या झाडांना बदाम असे लागलेत की फांद्या टेकू मागतायत. आमच्या बायकांच्या बदाम-तेलाच्या मंडळात आता तेवीस जणी आहोत. पहाटे आठ-दहा जणी रानात जातात, खाली पडलेलं तेवढंच वेचतात, आणि कुणाच्या झाडाखालचं ते न बघता सगळं एकाच ढिगात ओततात. सुरुवातीला यावरून काय कमी भांडणं झाली? तुला माहीतच आहे, आपल्याकडे झाडाझाडाचा मालक ठरलेला, पणजीने लावलेल्या झाडावरून लोक चुलत बहिणीशी बोलणं टाकतात. मग बाकीच्या जणी गोल बसून दगडावर फोडतात. प्रत्येकीचा दगड वेगळा, मधे खळगा पडलेला, सासूचा नाहीतर आईचा. दिवसभर टक टक चालतं आणि त्या तालावर सगळ्या गावाची उणीदुणी निघतात. आजारी बाईचा वाटा तसाच राहतो, बाळंतिणीचाही. कुणी मुकादम नाही. वाळवणाच्या माळ्याची शिडी जिच्या हातात येईल ती वर चढते. तुझ्या कंपनीच्या माणसाने मागे येऊन विचारलं होतं, "तुमच्यात साहेब कोण?" म्यूरियल म्हणाली, "आज का? आज पाऊस आहे." तो बिचारा ते वहीत लिहायला लागला होता.

तू मात्र आमची शेड बघून हसला होतास. मागच्या ईस्टरला आलास तेव्हा हडसनमामाला म्हणालास, तेही मला ऐकू जाईल अशा बेताने, "इतक्या वर शेड कुणी बांधतं का? पाणी खांद्यावर न्यायचं, पोती खांद्यावर आणायची. खाली लाकूडवाल्यांच्या जुन्या कॅम्पची सपाट जागा रिकामी पडलीय. बायकांचा कारभार!" मला राग आला होता. मग हसू आलं. मग मी मागे जाऊन रडले. शेड तिथे का आहे ते आज सांगायचंय, पण मी आडवळणाने येतेय, तू सांभाळून घे.

मी सहा वर्षांची असताना तू मला पाठीवर घेऊन प्रवाळाच्या खडकावरून पलीकडच्या बेटावर नेलं होतंस. तुझे तळवे कापले होते. मी वरून तुझे केस ओढत होते आणि तू ओरडत होतास, "अगं माकडे, बुडवीन तुला!" मग मी मोठी झाले आणि एका दिवसात ते सगळं थांबलं. मी ज्या घरात बसले असेन तिथे तू येईनास. मी पडवीत असले की मासे बाहेरच्या खांबाला लटकवून जायचास. वाटेवरच्या वळणाआधी खोकायचास, म्हणजे मी अंघोळ करत असेन, बायकांत बसून काही बोलत असेन, तर मला सावरता यावं. तुझा तो खोकला मी हजारांत ओळखीन. इतर मुलींचे भाऊ विसरायचे, तू कधी विसरला नाहीस. आपल्या गावात तुझ्याइतकी बहिणीची लाज राखणारा माणूस नव्हता, आणि दादा, त्यातूनच हे सगळं घडलं.

झाडं तोडणारे लाकूडवाले तुझ्या होकाराने आले त्याला बारा वर्षं झाली. मी तुला तेव्हा दोष दिला नाही, आजही देत नाही. दवाखान्यावर पत्रा नव्हता, नर्स छत्री धरून टाके घालायची. तू म्हणालास, झाडं पुन्हा वाढतील, मेलेली माणसं येणार नाहीत. पत्रा आला, तो अजून आहे. नदीच्या तोंडाशी गाळ आला, शिंपले मेले, तेही अजून तसंच आहे. पण मी लिहिते आहे ते शिंपल्यांबद्दल नाही.

त्याच महिन्यात तुझी नेस्टा बाळंत झाली होती. बाळ राहिलं नाही एवढंच तुला सांगितलं गेलं. पुरुषांना तेवढंच सांगतात. तू दोन दिवस होड्यांच्या छपरात बसून होतास, काही खाल्लं नाहीस, हे मला कळत होतं, कारण तुझ्यासाठी पानात बांधून पाठवलेला कसावा-कंद तसाच परत यायचा. बाळ कुठे ठेवलं, असं तू विचारलं नाहीस. विचारायची रीत नाही. नेस्टा रीतीप्रमाणे तीस दिवस बायकांच्या घरात होती, कुठल्याही पुरुषाशी बोलायचं नाही, नवऱ्याशीही नाही. आणि तिच्या नवव्या दिवशी लाकूडवाल्यांची सभा लागली.

मी त्या सभेत मागे चटईवर होते. तोडायच्या झाडांना फिती बांधणाऱ्या माणसाने नकाशा पसरला आणि कुळाच्या तांबू जागा विचारल्या, जिथे कुऱ्हाड लावायची नाही अशा. तू उभा राहून सांगितल्यास. पूर्वजांच्या कवट्यांचा दगडी ओटा. जुन्या लढाऊ होड्यांचा घाट. मगरीचा खडक. न अडखळता, प्रत्येकाच्या पिढ्या मोजून. मला अभिमान वाटत होता. मग त्याने नदीच्या वरच्या अंगाचा उतार दाखवून विचारलं, "आणि इथे?" तू खाली बघितलंस आणि हसलास. "तिकडं काही नाही हो. बायकांची वाट आहे. आम्ही पुरुष तिकडं फिरकत नाही." सगळे पुरुष हसले. तू का हसलास ते मला कळत होतं. समोर बहिणी बसलेल्या, आणि बायकांच्या वाटेचा विषय निघालेला. तू लाजेने तो विषय मिटवून टाकलास. कुठल्याही चांगल्या भावाने तेच केलं असतं.

आम्ही चटईवर चौदा जणी होतो. चौदाही आपल्या कुळाच्या, म्हणजे चौदाही तुझ्या बहिणी. त्या उतारावर काय आहे ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं आणि तुझ्यासमोर ते बोलायची एकीलाही मुभा नव्हती. आई नव्हती. असती तरी मुलाला हे सांगू शकली नसती. अशा वेळी एकच वाट असते, बहिणीने वहिनीला सांगायचं, वहिनीने नवऱ्याला. आणि वहिनी बायकांच्या घरात मुकी बसलेली. मी दिवस मोजले. यंत्रं नव्या वर्षानंतर येणार असं सांगितलं होतं. त्याआधी नेस्टा बाहेर येईल, मी तिला सांगेन, ती तुला सांगेल, तू जाऊन नकाशावर एक खूण करून येशील. इनीमावशी म्हणाली, "घाई कशाला? रीत मोडून अजून कुणाचं भलं झालंय?" मी ऐकलं. माझी चूक ती. मला त्या दिवशी उठता आलं असतं. निदान तुझ्यासारखं खोकता तरी आलं असतं.

पाऊस लांबला म्हणून यंत्रं लवकर आली. नेस्टाचा एकोणिसावा दिवस होता, सकाळची दहाची वेळ. वाट दाखवायला पुढे तू होतास.

आता लिहिते. पुढचं वाचताना तुला लाज वाटेल, मला लिहिताना वाटते आहे, पण दोघांनी सोसू. ज्या बाळांचं नाव ठेवायच्या आधीच सगळं संपतं, त्यांना चर्चच्या आवारात जागा नसते. त्यांना आपल्या कुळाच्या बायका त्या उतारावर नेतात. उशाशी एक नगाली रुजवतात. कुणाचं झाड कुठलं ते आईला आणि तिच्या आईला ठाऊक, बाकी कुणाला नाही. त्या झाडांचे बदाम आम्ही कधी वेचले नाहीत. तिथली कित्येक झाडं दोन माणसांच्या कवेत मावत नव्हती, यावरून किती पिढ्या ते तू समजून घे. नेस्टा दुसऱ्या बेटाची, तिच्या कुळाची जागा इथे नाही. इनीमावशी म्हणाली, "आपल्या मुलाचं लेकरू आहे, आपल्यातच झोपू दे." तुझी मुलगी होती, दादा. डोक्यावर पुष्कळ केस होते. मी तिला धरलं होतं. तिच्या उशाशी लावलेल्या रोपाला दोनच पानं फुटली होती.

तू यंत्राच्या पुढे चालत होतास आणि हाताने दाखवत होतास, डावीकडे, डावीकडे. आम्ही खाली नदीत कपडे घेऊन उभ्या होतो. कुणी ओरडलं नाही. इनीमावशी पाण्यात खाली बसली ती उठेना. संध्याकाळी मी बायकांच्या घरात गेले तेव्हा नेस्टाने माझं तोंड पाहिलं आणि तिला सांगावंच लागलं नाही. तिसाव्या दिवशी ती बाहेर आली, तुझ्यासाठी रताळी भाजली, तुझे कपडे धुतले आणि येणाऱ्या पहिल्या बोटीने माहेरी गेली. तू पिऊन आला होतास म्हणून गेली असं गाव म्हणालं. तिथे कुणी दुसरा होता असंही म्हणाले, आणि तू ते मानलंस. तसं काही नव्हतं. तिच्या तोंडून तुला हे सांगवेना, आणि सांगितल्याशिवाय तुझ्या शेजारी झोपवेना.

मंडळ त्यानंतर निघालं. लोकांना वाटतं आम्हाला कुणा बाहेरच्या बाईने शिकवलं. कुणी शिकवलं नाही. लाकूडवाले गेले, उतार उघडा पडला, आणि पुन्हा कुणी तिथे यायच्या आत काहीतरी करून ती जागा धरायची होती. बोलून धरता येत नव्हती, म्हणून कामाने धरली. शेड तिथेच बांधायची असं आम्ही चौदा जणींनी ठरवलं आणि दुसऱ्या कुळांच्या बायकांना सांगितलं, वर वारा चांगला, बदाम लवकर वाळतात. म्यूरियल म्हणाली, "वारा खालीही आहे." मग माझ्याकडे बघितलं, एक पोतं उचललं आणि चढायला लागली. तेव्हापासून ती आमच्यासाठी उतार चढते आहे. जमिनीत एकही खांब पुरलेला नाही, सगळी शेड दगडांवर उभी आहे. ते तुझ्या लक्षात आलं नव्हतं. पाहुणे आले की मी सांगते, वाळवी लागते म्हणून.

आणि एक सांगते. हसू नकोस. दुपारी वारा पडलेला असतो, फोडायचं काम थांबलेलं असतं, सगळ्या जणी आडव्या झालेल्या असतात. तेव्हा पत्र्यावर बदाम पडतात. टप. मग थोड्या वेळाने टप. वर झाड नाही, आसपास शंभर पावलांत झाड नाही. पहिल्या वर्षी मी शिडी लावून पत्र्यावर चढले होते. पत्रा स्वच्छ होता, ऊन होतं. आता कुणी चढत नाही. दुसऱ्या कुळांच्या बायका म्हणतात पत्रा तापला की वाजतो. आम्ही हो म्हणतो. पण पावसाळ्यात, पत्रा गार असतानाही ते पडतात, आणि म्यूरियल झोपेतच कूस बदलते आणि पुटपुटते, "आली पोरं." तिला कुणी काही सांगितलेलं नाही. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मी उठून बाहेर गेले, आता मी वाट बघते. एखाद्या दुपारी आवाज आला नाही की मला करमत नाही. कधी कधी मला वाटतं ते आम्हाला विचारतायत की तुम्ही चौदा जणी त्या दिवशी काय करत होता.

उताराची वरची पट्टी वाचली आहे. यंत्र तिथे चढलं नाही. सतरा झाडं उभी आहेत. त्यातली दोन माझी आहेत. हे तुला माहीत नव्हतं. लाल मातीला मी विरोध केला तेव्हा तू हडसनमामाकडून निरोप पाठवलास, "मूल नसलेल्या बाईला उद्याची काळजी कशी असणार?" मी तो निरोप ऐकून घेतला आणि दगडापाशी जाऊन बसले. त्या दिवशी इतके बदाम फोडले की बोट ठेचलं. तू क्रूर नाहीस. तुला ठाऊक नव्हतं. पण मला ते विसरता आलेलं नाही आणि ते मी लपवतही नाही.

फेब्रुवारीत नेस्टा गेली. तू तांदळाची पोती पाठवलीस आणि स्वतः गेला नाहीस. मी गेले होते, तीन बोटी बदलून. शेवटच्या आठवड्यात मी तिच्या उशाशी होते. मी तिला म्हटलं, अजून वेळ आहे, त्याला बोलवू का, सांगशील का? ती म्हणाली, "माझ्याने होत नाही, रोडा. तो इतका चांगला आहे की मरून जाईल." मग बराच वेळ तिने माझा हात धरून ठेवला. मंगळवारी सकाळी ती गेली. म्हणजे आता माझ्या आणि तुझ्या मधे हा निरोप नेणारं कुणीच उरलेलं नाही. तू दुसरं लग्न केलं नाहीस. केलं असतंस तर मी त्या बाईला सांगितलं असतं आणि हे पत्र लिहावं लागलं नसतं.

तर पत्र यासाठी. कंपनीच्या नकाशात त्यांचा रस्ता वरच्या पट्टीतून जातो, तो नकाशा शाळेच्या भिंतीवर लावलाय आणि मी तो बोट ठेवून वाचलाय. गुरुवारी तो माणूस पुन्हा विचारील, तांबू जागा कुठल्या? कवट्यांचा ओटा, होड्यांचा घाट, मगरीचा खडक झाल्यावर तू चौथी जागा सांग. तिचं नाव सिनाफू. हे नाव आजवर एकाही पुरुषाच्या कानावर पडलेलं नाही. तिथे काय आहे ते सांगू नकोस, कुणी विचारणारही नाही. तू नुसतं नाव घेतलंस की तो वहीत लिहील आणि रस्ता वळवावा लागेल. कंपनी तुला ठेवील की काढील, मला माहीत नाही. काढलं तर घरी ये. शेडला शिडी धरणारं माणूस लागतं. आणि तू तिसऱ्या जागेवर थांबून खाली बसलास, तर मी चटईवरून उठेन आणि तुझ्यासमोर, सगळ्या गावासमोर ते नाव घेईन, तिथे कोण झोपलंय तेही सांगेन, तुझी कोण ते सांगेन. भावासमोर असं बोललेल्या बहिणीचं काय होतं ते तुला माहीत आहे. त्यानंतर आपल्याला एका वाटेवर चालता येणार नाही, मी मेले तरी तुला माझं तोंड बघता येणार नाही, आणि तू वळणावर माझ्यासाठी पुन्हा खोकणार नाहीस. मी शेडमध्ये एकटी बसून बोलायचा सराव केलाय. पहिले चार दिवस आवाज फुटला नाही. काल फुटला.

अजून तरी तुझीच,
रोडा